जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटरची नोकरी: नेमकं काम काय असतं?

कृष्णाकाठ_९६

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. केमिस्ट्री झालं, मग स्पर्धा परीक्षांच्या नादात बराच काळ गेला. आता आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या फिल्टर हाऊसवर ऑपरेटरची जागा निघाली आहे. नोकरी ठेकेदारामार्फत, काम तीन पाळ्यांत, केंद्र १५ एमएलडीचं (दिवसाला दीड कोटी लिटर), पाणी नदीचं. पगार सांगण्यासारखा नाही.

घरचे म्हणतात, पंपाचं बटण दाबायला बी.एस्सी. कशाला पाहिजे? मित्र म्हणतो, क्लोरीनच्या टाक्यांजवळ काम म्हणजे जिवाशी खेळ. केंद्रावर चक्कर मारून आलो, तर तिथले काका म्हणाले, "ये रे, शिकशील हळूहळू, अवघड काही नाही." सोपं असेल तर शिकायचं काय, आणि अवघड असेल तर असं का सांगतायत, तेच कळेना. इथे कुणी या कामात आहे का? रोज काय करावं लागतं, पुढे वाव आहे का, जे माहीत असेल ते सांगा.

पेठेतला_पंप

वाचतोय. ठेका असेल तर ऑर्डर लेखी घ्या आणि पीएफ भरतात का ते आधी विचारा. बाकी जाणकार सांगतीलच.

गाळणीवाला

कृष्णाकाठ, याच कामात केस पांढरे केलेत म्हणून लिहितो. तुमच्या घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. वर्षातले आठ-नऊ महिने खरंच बटणं दाबायची, वॉल फिरवायचे आणि तासातासाला आकडे लिहायचे. पगार कशाचा मिळतो ते उरलेल्या दिवसांत कळतं.

पाळीवर आलो की मी आधी लॉगबुक उघडत नाही. क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या, म्हणजे तुरटी घातलेलं पाणी निवळवायच्या टाकीच्या, पुलावर जातो आणि पाण्यात बघतो. तुरटीने धरलेले पुंजके मोहरीएवढे, सुटे सुटे आणि मधलं पाणी नितळ असेल तर आधीच्या पाळीवाल्याने डोस नीट धरलाय. पुंजके आहेत पण मधलं पाणी दुधाळ, म्हणजे डोस कमी पडतोय किंवा पीएच हललाय. पुंजके चांगले पण कडेच्या पन्हळीतून वाहून चाललेत, म्हणजे तळाला गाळ साचलाय, गाळ सोडायचा ब्लीडचा वॉल उघडा. नाहीतर कुणीतरी झेपणार नाही इतकं पाणी आत घेतलंय. उन्हाळ्यात भर दुपारी गाळ आपसूकही वर उचलतो, पाणी वरून तापलं की आत प्रवाह फिरतात. तेव्हा घाबरून डोस वाढवत बसू नये. टर्बिडिटी (गढूळपणा) मीटर फक्त आकडा सांगतो, यातलं कारण कुठलं ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

मग जार टेस्ट. सहा बीकर, प्रत्येकात नदीचं तेच पाणी, तुरटी चढत्या मापाने. मिनिटभर जोरात ढवळायचं, पंधरा-वीस मिनिटं सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. ज्या बीकरमध्ये कमीत कमी तुरटीत पाणी निवळलं तो तुमचा डोस. जास्त घातली तर जास्त स्वच्छ होईल असं नसतं. तुरटी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते, एक मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम. ती संपली की पीएच कोसळतो, पुंजका धरत नाही आणि विरघळलेलं अॅल्युमिनियम गाळणीतून पार होऊन नळात जातं.

आणि हे सगळं अंगावर येतं ते नव्या पाण्याला. उन्हाळ्यात आमची नदी पाच-दहा एनटीयूवर (गढूळपणाचं माप) असते. मृगाचा पहिला मोठा पाऊस वरच्या अंगाला झाला की काही तासांत तांबडं पाणी येतं, आकडा पाचशे, कधी हजारावर. पावसाचं पाणी मिसळल्याने अल्कलिनिटी उतरलेली असते, म्हणजे तुरटी जास्त हवी आणि ती पचवायची ताकद पाण्यात कमी. मग चुना लावावा लागतो. हे बहुतेक वेळा रात्रीच होतं, आणि केमिस्टसाहेब दिवसपाळीला असतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक काम करा. नदीच्या वरच्या गावातल्या केंद्रावर कोण ऑपरेटर आहेत त्यांचा नंबर घ्या. त्यांनी "पाणी बदललं" असा फोन केला की तुमच्या जॅकवेलला (नदीकाठच्या उपसा विहिरीला) ते किती तासांनी पोचतं हा हिशेब दोन पावसाळ्यांत बसतो. एवढ्या वेळात तुरटी भिजवून ठेवता येते, चुना काढता येतो, गाळण्या धुवून तयार ठेवता येतात. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

गाळणी आणि क्लोरीनचं उद्या लिहितो, रात्रपाळी आहे.

अनघा_डोंबिवली

फार छान माहिती, काका. एक बाळबोध प्रश्न. आमच्या नळाला कधी कधी क्लोरीनचा इतका वास येतो की चहासुद्धा नको वाटतो. त्या दिवशी ऑपरेटरने जास्त टाकलेलं असतं का?

पेठेतला_पंप

आरओ लावा, विषय संपला. आमच्याकडे तर मी आंघोळीलासुद्धा सॉफ्टनरचं पाणी वापरतो. पालिकेवर भरवसा ठेवायचे दिवस गेले.

सुमेधा_लॅब

अनघाताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जो वास नाकात झोंबतो तो पुष्कळदा जास्त क्लोरीनचा नसतो. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याला चिकटून क्लोरामाइन तयार होतात, आणि त्यांतल्या काहींचा वास मोकळ्या क्लोरीनपेक्षा उग्र असतो. म्हणजे उलट क्लोरीन पुरेसा पोचलेला नाही असंही असू शकतं. नदीत सांडपाणी मिसळलं की अमोनिया वाढतो, विशेषतः उन्हाळ्यात पात्र आटल्यावर. भांड्यात पाणी उघडं ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात वास बराच उतरतो.

मापदंड सांगायचा तर आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. गढूळपणा १ एनटीयूच्या आत, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

आणि पंपराव, तुमच्याकडे नदीचं पाणी येत असेल आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) दोनशेच्या आसपास असेल तर आरओ कशासाठी? क्षार कमी करायला आरओ असतो. ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या भागात तो वापरायला बंदी घाला, असं हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. त्यातून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं ते वेगळंच. शिवाय आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, ते दोन-दोन दिवस साठवलं तर त्याला राखण कुणाची?

पेठेतला_पंप

बोअरचं आहे आमचं. टीडीएस ११००. आता बोला.

सुमेधा_लॅब

मग लावा, माझी काही हरकत नाही.

गाळणीवाला

(काल अर्धं राहिलं होतं.)

गाळणी म्हणजे वाळूचा थर, साधारण दोन-अडीच फूट, खाली बारीक-मोठी खडी. वरून पाणी जातं तसा गाळ अडकत जातो आणि पाण्याला वाट मिळेनाशी होते, त्याला हेडलॉस म्हणतात. तो दीड-दोन मीटरवर गेला, किंवा खालच्या पाण्याचा गढूळपणा चढायला लागला, की बॅकवॉश. आधी खालून हवा, मग खालून पाणी, वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. घाईने धुतलं तर वाळूत चिखलाचे गोळे राहतात, ते हळूहळू वजनाने खाली उतरतात आणि तेवढा भाग कायमचा बंद होतो. धुवून झाल्यावर सुरुवातीची काही मिनिटं पाणी खराबच येतं. ते वाया सोडायचं, टाकीत घ्यायचं नाही.

आता खरी गोष्ट. गाळणी धुवायला काढली की तेवढा वेळ उत्पादन कमी होतं. त्याच वेळी फोन वाजतो. "अमक्या प्रभागाला पाणी आलं नाही, किती वेळ लावताय?" फोन करणाऱ्याचं चूक नसतं, त्याच्या दारात बायका कळशा घेऊन उभ्या असतात. पण दहा मिनिटांचं धुणं चार मिनिटांत आटपा असं सांगणारा माणूस आणि आठ दिवसांनी "पाणी गढूळ का?" म्हणून विचारणारा माणूस एकच असतो. या नोकरीत रसायनशास्त्र महिन्याभरात येईल तुम्हाला. "नाही साहेब, आत्ता पाणी सोडता येणार नाही" हे वाक्य तोंडातून काढायला मात्र वर्षं लागतात, आणि ठेक्यावरच्या पोराला तर ते म्हणायची सोयच नसते. माझ्या मते या कामात काही अवघड असेल तर ते हेच.

सेफ्टी_तळोजा

मी पाणी खात्यातला नाही, केमिकल कारखान्यात सुरक्षा बघतो, पण क्लोरीन रोजचा आहे म्हणून लिहितो. मित्राने घाबरवलंय त्यात तथ्य आहे, पण घाबरून उपयोग नाही.

केंद्रावर बहुधा ९०० किलोचे टनर, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या टाक्या, असतील. क्लोरीन वायू हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे गळला की जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो. पळायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेला किंवा आडवं, आणि उंचावर. तोंडाला ओला रुमाल लावून गळती बंद करायला आत शिरणाऱ्या शूरांच्या गोष्टी ऐकाल, त्यातला शूर व्हायचं नाही. हवेच्या सिलिंडरचा मास्क असल्याशिवाय आत जायचं नाही, तेही एकट्याने नाही. साधा गाळणीचा मास्क मोठ्या गळतीत पुरत नाही.

गळती कुठे आहे ते शोधायला अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा काठीला लावून फिरवतात, गळतीपाशी पांढरा धूर दिसतो. टनरवर पाणी मारायचं नाही. ओला क्लोरीन लोखंड खातो, छोटं भोक मोठं होतं. टनर आडवा असतो, त्याचे दोन वॉल एकाखाली एक उभ्या रेषेत आणायचे. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. गळती द्रवाच्या बाजूला असेल तर टनर फिरवून ती जागा वर आणायची, म्हणजे निदान वायूच गळेल. द्रव बाहेर आला तर त्याचा साडेचारशे पटींनी जास्त वायू होतो. जोडणीची शिशाची वॉशर प्रत्येक वेळी नवी घालायची. जुनी चालते म्हणणारा माणूस सगळीकडे भेटतो. आणि वायू कमी येतोय म्हणून टनर कधीही तापवायचा नाही, त्याचा सेफ्टी प्लग सत्तर अंशांच्या आसपास वितळतो.

रुजू व्हायच्या आधी तीन गोष्टी बघून या. मास्क कुठे टांगलाय? क्लोरीन रूमच्या आतच असेल तर तो नसल्यासारखाच. पंख्याचं बटण दाराच्या बाहेर आहे का, आणि पंखा हवा तळातून ओढतो का? तिसरं म्हणजे गळलेला क्लोरीन शोषायची कॉस्टिकची टाकी भरलेली आहे की नुसती रंगवलेली आहे.

मुलुंडकर_आजोबा

"नुसती रंगवलेली", हा हा. हे कुठल्याही खात्यात खरं आहे.

मी महापालिकेच्या जल अभियंता खात्यातून निवृत्त. लोकांना वाटतं मुंबईसारख्या ठिकाणी सगळं आपोआप चालतं. १८ जुलै २०२१ आठवा. रात्रीच्या पावसाने भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पाणी शिरलं, यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा खोळंबला. पाणी उकळून प्या असं आवाहन करावं लागलं. आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक, १९१० एमएलडीचं, आणि त्याला कुलूप लावलं कुणी तर पावसाच्या पाण्याने. अशा वेळी मॅन्युअल वॉल कुठला, तो किती आट्यांत बंद होतो, हे ठाऊक असणारी माणसं लागतात. तेव्हा चिरंजीव, वॉल ओळखायला शिका. नकाशावर नव्हे, हाताने.

रंकाळ्याचा_राजू

२०१९ आणि २०२१ ला आमच्या कोल्हापुरात याहून वाईट. बालिंगा, शिंगणापूर, सगळी उपसा केंद्रं पुरात बुडाली. पूर ओसरला तरी मोटारी बाहेर काढून वाळवल्याशिवाय पाणी नाही, टँकरमागं पळायचं. आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन झाली २०२३ च्या दिवाळीत. धरणाचं पाणी तुलनेनं स्वच्छ. पण ऑपरेटर लोकांना विचारा, धरणाच्या पाण्याची बी कटकट असतीया.

गाळणीवाला

राजूभाऊ, असते ना. धरणाच्या पाण्यात गढूळपणा कमी असला की पुंजका धरायला कणच नसतात, आणि कमी गढूळ पाणी निवळणं तांबड्या पाण्यापेक्षा किचकट. उन्हाळ्यात शेवाळ, ते तुरटीला दाद देत नाही, वाळूवर साय धरून गाळणी काही तासांत बंद पाडतं, आणि पाण्याला मातकट वास येतो. मग आधीच थोडा क्लोरीन द्यावा लागतो. उजनीच्या काठचे ऑपरेटर यावर पुस्तक लिहू शकतील.

वाडीची_ताई

मोठमोठ्या केंद्रांच्या गप्पा वाचून मजा वाटली. मी ग्रामपंचायतीची जलसुरक्षक. आमच्याकडे ना क्लॅरिफायर ना गाळणी. विहीर, मोटर, ५० हजार लिटरची टाकी आणि टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) गोणी, झालं जलशुद्धीकरण केंद्र!

हिशेब असा: हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला पाव किलो. भुकटी थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत. मग अर्धा-पाऊण तास थांबून पाणी सोडायचं. नंतर शेवटच्या घरी जाऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी. पहिल्या घरी पिवळा रंग येतोच, शेवटच्या घरी येतो का ते बघायचं. तिथं आला नाही तर मधे कुठेतरी पाइप फुटलाय किंवा कुणाचं तरी कनेक्शन गटारातून गेलंय. अशीच एक गळती आम्ही शोधून काढली, कुणी अभियंता आला नव्हता.

खरी अडचण गोणीची. ताजी असेल तर तीसच्या वर टक्के क्लोरीन, पण पावसाळ्यात दमट खोलीत तोंड उघडी पडली की उतरत जाते. वीस टक्क्यांच्या खाली गेली तर ती पावडर भिंतीलाच लावा. आणि वर्षातून दोनदा तपासणी होऊन कार्ड मिळतं, लाल, पिवळं किंवा हिरवं. हिरवं आलं की सरपंचांचा फोटो. लाल आलं की मला फोन.

सुमेधा_लॅब

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या लॅबमध्ये लावते.

ओटीबद्दल एक. ऑर्थोटोलिडीन टाकल्यावर लगेच, पाच-दहा सेकंदांत जो रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. पाच मिनिटांनी गडद होतो तो बांधलेल्या (अमोनियाला चिकटलेल्या) क्लोरीनसकट. बरेच जण गडद रंग बघून आकडा लिहितात. शिवाय ते रसायन आरोग्याला चांगलं नाही, हाताला लागू देऊ नका, बाटलीच्या तोंडाला अंगठा लावून हलवायची सवय सोडा. डीपीडीच्या गोळ्या मिळत असतील तर त्या मागा, गुलाबी रंग येतो, जास्त भरवशाचं.

आणि नुसत्या क्लोरीनवर विसंबून राहण्याबद्दल. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळ्यांचं लक्ष तिथल्या विहिरीच्या पाण्याकडे गेलं. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या आड लपतात, क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि बराचसा क्लोरीन मातीतच खर्च होतो. आधी गाळा, मग क्लोरीन द्या, हा क्रम त्यासाठी आहे. ताईंच्या विहिरीला निदान पावसाळ्यात तरी काही गाळण हवं.

ओंटारियोतला_सांगलीकर

उशिरा आलो. मी इकडे कॅनडात एका सरोवरकाठच्या केंद्रावर ऑपरेटर आहे. सांगलीत असताना मीही "बटण दाबायचं काम" हेच म्हणत होतो.

काम तेच: तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखंच रसायन), गाळणी, क्लोरीन. कटकटी वेगळ्या. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी एक-दोन अंशांवर असतं, तुरटीचा पुंजका धरायला फार वेळ घेतो. कडाक्याच्या थंडीत रात्री पाण्यात बर्फाचे बारीक कण तयार होऊन इनटेकची जाळी बुजते, सरोवर भरलेलं आणि पंप कोरडा. शिवाय झेब्रा शिंपले पाइपात घर करतात, त्यांच्यासाठी इनटेकलाच क्लोरीन.

पण मला सांगायचं आहे ते वॉकर्टनचं. ओंटारियोतलं पाचेक हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतातलं शेणखत धुऊन एका उथळ विहिरीत उतरलं, ई. कोलायचा जहाल प्रकार नळात गेला. ७ माणसं मेली, २३०० च्या वर आजारी पडली. न्यायालयीन चौकशी झाली तेव्हा कळलं की तिथले ऑपरेटर वर्षानुवर्षं क्लोरीन न मोजताच वहीत आकडे भरत होते. खलनायक नव्हते हो. त्यांना मनापासून वाटायचं की आपलं पाणी मुळातच चांगलं आहे, स्वतःही क्लोरीन न घातलेलं प्यायचे. आणि अनघाताई, गावातले लोक क्लोरीनच्या चवीची तक्रार करायचे म्हणून ते डोस कमी ठेवायचे. परवाने होते त्यांच्याकडे, पण परीक्षा न देता नुसत्या अनुभवावर मिळालेले.

त्यानंतर २००२ चा कायदा आला. आता आमच्याकडे परीक्षेशिवाय परवाना नाही. सुरुवात प्रशिक्षणार्थी म्हणून, मग चार वर्ग, दर तीन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तास दाखवायचे. खोटा आकडा लिहिला तर मला स्वतःला दंड. गंमत पुढे आहे: पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नगरसेवकांनी हयगय केली तर तेही कायद्याच्या कचाट्यात येतात. त्यामुळे मी "पाणी बंद करतोय" म्हटलं की वरून "किती वेळ लावताय" असा फोन येत नाही, "काय मदत लागेल" असा येतो. गाळणीवाला काकांचं वाक्य वाचलं आणि म्हटलं, हा फरक लिहायलाच हवा.

पेठेतला_पंप

आपल्याकडे रिक्षा चालवायला बॅज लागतो, पन्नास हजार लोकांना पाणी पाजायला काहीच लागत नाही. कमाल आहे.

गाळणीवाला

सांगलीकर, वॉकर्टनचं वाचून काल रात्री आमचं जुनं लॉगबुक चाळलं. आमच्याच नव्हे, कुठल्याही केंद्रावर बघा. ०.५, ०.५, ०.५, रात्रभर एकाच पेनने, एकाच झोकात. साहेबांना ०.५ आवडतो म्हणून ०.५. आकडा ०.२ च्या खाली लिहिला तर नोटीस ऑपरेटरला, क्लोरिनेटर दुरुस्तीचा प्रस्ताव मात्र टेबलावर. मग माणूस काय शिकतो? आकडा दुरुस्त करायला शिकतो.

माझी मागणी एवढीच आहे, परवाना-बिरवाना नंतर बघू. खराब आकडा लिहिणाऱ्याला शिक्षा करू नका, न लिहिणाऱ्याला करा. आणि गढूळपणा किंवा क्लोरीन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर पाळीवरच्या ऑपरेटरने कुणाला न विचारता आउटलेट बंद करावा, असा लेखी आदेश नियंत्रण कक्षात भिंतीवर लावा. एका कागदाचं काम आहे. ज्या केंद्रावर तो कागद आहे तिथला नवखा पोरगासुद्धा फोनवर ताठ बोलतो, हे मी स्वतः बघितलंय.

कृष्णाकाठ_९६

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. पुढे वाव कितपत ते कुणी सांगेल का?

मुलुंडकर_आजोबा

महापालिका, जीवन प्राधिकरण यांच्या जाहिराती अधूनमधून निघतात, डोळा ठेवा. खासगी कंपन्या केंद्रं चालवायला घेतात, त्यांना अनुभवी माणूस हवा असतो. कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प आहेत, आखातात समुद्राचं पाणी गोड करणारी केंद्रं आहेत. आयटीआयवाल्यांना अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड उपयोगी पडतो, तुमच्याकडे बी.एस्सी. आहे, लॅबकडेही वळू शकाल. पण दोन पावसाळे काढल्याशिवाय अनुभव सांगू नका.

कृष्णाकाठ_९६

मंडळी, रुजू झालो. मास्क क्लोरीन रूमच्या आतच होता, बाहेर काढून लावायला सांगितलं, लावला. पंखा वरच्या बाजूला आहे, त्याबद्दल अर्ज दिलाय.

एक शंका. सुपरवायझर म्हणाले "३० चा डोस ठेव". टाकीत तुरटीचं १० टक्के द्रावण आहे. पण इथे सगळे वॉल "दीड आटा उघड" अशाच भाषेत बोलतात. मिनिटाला किती द्रावण जायला हवं ते कसं काढू?

गाळणीवाला

शाब्बास, योग्य प्रश्न. १५ एमएलडी म्हणजे दिवसाला दीड कोटी लिटर. लिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ४५० किलो तुरटी, तासाला पावणेएकोणीस किलो. १० टक्के द्रावणात लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे तासाला १८७.५ लिटर, मिनिटाला ३ लिटर १२५ मिली. हे पूर्ण १५ एमएलडी चोवीस तास चालू असेल तेव्हाचं. एक पंप बंद असेल तर त्या प्रमाणात कमी करा, डोस पाण्याच्या प्रवाहाला द्यायचा असतो, केंद्राच्या पाटीला नव्हे.

आता मोजपात्र आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन फ्लॅश मिक्सरवर (तुरटी पाण्यात मिसळते तिथे) जा, नळीच्या तोंडाशी मिनिटभर धरा. किती भरतंय ते इथे लिहा.

कृष्णाकाठ_९६

दीड आट्याला २१०० मिली. दोनदा मोजलं. नळी काढून बघितली तर आत तुरटीचा खडा बसलाय, निम्मी नळी बुजलेली.

गाळणीवाला

म्हणजे ३० च्या नावाने २० चाच डोस चालला होता. नळी साफ करून परत मोजा, आणि टाकीच्या तळाला तुरटीच्या लादीचे न विरघळलेले तुकडे पडलेत का तेही बघा. तसं असेल तर द्रावण १० टक्केसुद्धा नाही, हायड्रोमीटर लावा. लॉगबुकात साफ करण्याआधीचा २१०० च लिहा, वेळ टाका, खाली सही. नंतरचा आकडा पुढच्या ओळीत.